घुबडाची साक्ष

साहेबांची गाडी कुडाळ स्टेशनात पाच तास उशिरा आली, म्हणून सकाळी अकराची सुनावणी शाळेत चार वाजता सुरू झाली. राधाबाई तोवर शाळेच्या पडवीत ठाण मांडून बसली होती. सत्तरीची एकटी बाई, पण खनिजासाठी डोंगर खणणार म्हटल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याच डोंगराच्या झऱ्यावर गावाची भातशेती पिकायची.

साहेबांनी आपल्या पाहणीचा लांबलचक अहवाल वाचला. डोंगरात दुर्मिळ पक्षी नाही, रानघुबड तर औषधालाही नाही, म्हणून खाणीला हरकत नाही.

"तुमी रानात कधी इल्लात?" राधाबाईने विचारलं.

"दोन दिवस. दुपारी."

"घुबाड दुपारचा निजता, सायबानू. आमीय निजतो."

लोक हसले, साहेब हसले नाहीत. "आवाज कसा असतो ते काढून दाखवा. नोंद घेतो."

वर्गात बसलेल्या गावकऱ्यांनी माना खाली घातल्या. आवाज प्रत्येकाच्या कानात मुरलेला, पण तो तोंडाने काढायचा नाही. जो त्या घुबडाची नक्कल करतो, त्याच्या घरातलं एक माणूस वर्षाच्या आत जातं. सगळा गाव हे मानायचा. राधाबाईही मानायची.

शेजारची तुळसा उठली. त्याच रानात रोज गवत कापणारी, धीट, एका लहान मुलीची आई. तिने तोंडाशी हात धरले मात्र, राधाबाईने तिचा पदर ओढला.

"खाली बस गो. तुझ्या घरात चेडू आसा."

"मगे कोण काढतलो?"

"माझ्या घरात मरूक कोण आसा? मीच."

भीती तिलाही वाटत होती. पण डोंगर खणणाऱ्यांवरचा राग भीतीहून मोठा होता. तिने ओंजळ तोंडाशी धरली आणि आवाज काढला. एक लांब हुंकार, मग थांबून तीन खोल हुंकार.

बायांनी कान झाकले. साहेब म्हणाले, "आजी, हा तुमचा आवाज झाला. पुरावा लागतो."

राधाबाईने खिडकीबाहेर पाहिलं. डोंगरावरचं ऊन उतरलं होतं, दिवेलागणीची वेळ झाली होती. ती खिडकीशी गेली आणि पुन्हा आवाज काढला. पुन्हा काढला. घसा बसत आला तरी थांबली नाही.

चौथ्या खेपेला वरच्या रानातून उत्तर आलं. एक लांब, मग तीन.

साहेबांचं पेन हातातच राहिलं. राधाबाई टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"आता लिवा. खाली माझा नाव घाला. वर्सान मी नसान, पण कागद ऱ्हवाक होयो."