चालून झिजलेला नाल

सूर्यभान खोटा माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा.

शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावाच्या फाट्याला त्याचं दुकान आहे. एका बाजूला रसवंती, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला. काळ्या घोड्याचा नाल दाराला ठोकला, किंवा त्याची अंगठी करून बोटात घातली, की शनीचा त्रास कमी होतो अशी लोकांची श्रद्धा आहे. मात्र तो नाल घोड्याच्या पायात चालून झिजलेला हवा. रस्त्यावरची इतर दुकानं लोहाराकडून पोत्यानं नाल आणतात आणि झिजलेला म्हणून बिनदिक्कत विकतात. सूर्यभानला ते पटेना. त्यानं खरोखरचं काळं जनावर आणलं आणि त्याचं नाव काजळ ठेवलं. गिऱ्हाईक आलं की त्याच्यादेखत काजळच्या पायात नाल ठोकायचा, पेट्रोल पंपापर्यंत डांबरावरून तिला चालवून आणायचं, आणि गिऱ्हाइकादेखतच पक्कडीनं तो उपटून हातात ठेवायचा. शनिवारी गर्दी असायची. शनिवारी अमावास्या आली तर रांग लागायची.

घोडा म्हणून मिरवली जाणारी ती घोडी होती, हे बहुधा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लोक फक्त पायांकडे बघत. तेही पायांकडे नव्हे, नालाकडे.

मी निवृत्त ग्रंथपाल. वर्तमानपत्र आणायला रोज फाट्यावर जातो, तेव्हा ती दिसायची. तिच्या बरगड्या वर आल्या होत्या. पुढचा उजवा पाय ती नुसता टेकवल्यासारखा करायची, भार द्यायची नाही. बादली कोरडी, डोळ्यांच्या कडेला माशा. मला वाटलं, हे बरं नाही. लगेच दुसरं वाटलं, तुला घोड्यातलं काय कळतं? म्हणून घरी येऊन कपाटातून पशुपालनाचं एक जुनं पुस्तक काढलं. वाचनालयानं रद्दीत घातलेलं, मी उचलून आणलेलं. जनावराची हेळसांड कशी ओळखावी, यावर त्यात एक प्रकरण होतं. दुसऱ्या दिवशी ते मनात घोळवत गेलो आणि भीतभीत जवळ जाऊन पाहिलं. खुराला खिळ्यांची भोकंच भोकं, त्यांतून निघालेल्या भेगा, हात लावला तर खूर गरम. पुस्तकातलं एकच लक्षण सापडलं नाही, धन्याला पाहून बिचकणं. सूर्यभान आला तरी ती हलली नाही. बिचकण्याइतकंही तिच्यात उरलं नसावं. मी तिच्या मानेवरून हात फिरवला तर तळवा काळा झाला. धूळ असेल म्हटलं.

सूर्यभानशी बोलायला मला आणखी काही दिवस लागले. त्यानं चहा मागवला, खुर्ची पुसून दिली, सगळं ऐकून घेतलं.

"सर, दुसरे लोक पब्लिकला फसवत्यात," तो म्हणाला. "मला न्हाई जमत. हे जनावर हाय म्हून तर माल अस्सल हाय."

परत आलो तेव्हा माझ्या हातात उदबत्तीचा मोठा पुडा होता. नको म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

प्राण्यांना छळण्याविरुद्ध कायदा आहे, तो मी वाचला होता. त्या बळावर पोलीस चौकीत गेलो. हवालदार काकासाहेब ओळखीचे. त्यांनी बसायला सांगितलं आणि विचारलं,

"जनावर तुमचं हाय का?"

"नाही."

"चावलं का?"

"नाही."

"मग तुमाला त्रास काय?"

"त्रास तिला आहे."

"मग तिला लावून द्या की चौकीत," कोपऱ्यातला शिपाई म्हणाला. सगळे हसले. वाईट दिसू नये म्हणून मीही हसलो.

काकासाहेबांनी मग आवाज खाली आणून अडचण सांगितली. काळा घोडा म्हणजे शनीची बाब. ते मेषेचे, साडेसाती नुकतीच लागलेली, अशा वेळी त्या जनावराला दावं लावायचं म्हणजे जाणूनबुजून ओढवून घेणं. त्यांनी मला ग्रामपंचायतीत पाठवलं. ग्रामसेवक मीनेचे निघाले, म्हणजे ऐन मधली अडीच वर्षं. त्यांनी सरपंचांकडे बोट दाखवलं. सरपंच कुंभेचे, शेवटची अडीच वर्षं कशीबशी काढत होते आणि आता अखेरीला घोळ नको म्हणाले. तिघांच्याही बोटात काळसर लोखंडी अंगठी होती. माझी रास कोणीतरी विचारली. वृश्चिक म्हटल्यावर सगळ्यांना माझा हेवा वाटला. "तुमची शनीची अडीचकी सुटली की. तुमीच घाला हात," असा सल्ला घेऊन मी घरी आलो.

घरी चपला काढताना सहज वर पाहिलं. आमच्याच चौकटीला नाल होता. सुनेनं, सुनीतीनं, दिवाळीत लावला होता. मी रोज त्याच्याखालून जात होतो. तिला विचारलं, तर म्हणाली, सूर्यभानकडचा आहे बाबा, त्यांच्याकडे फसवाफसवी नसते.

शेवटी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर रोहिणी नव्यानं आल्या होत्या. त्यांनी माझी रास विचारली नाही, स्वतःचीही सांगितली नाही. त्या दुपारीच स्कूटरवरून आल्या. मी घोडीचं डोकं छातीशी धरून उभा राहिलो आणि त्यांनी पाय उचलून तपासले. खुराच्या आत पू धरला होता. सूर्यभानसमोरच त्या मला म्हणाल्या, "या पायात आणखी खिळे गेले तर ही बसेल. आणि घोडं बसलं की पुन्हा उठेलच असं नाही."

त्यांनी अहवाल लिहून दिला. सूर्यभाननं तो आदरानं दोन्ही हातांनी घेतला आणि एवढी शनिअमावास्या होऊन जाऊ द्या, मग महिनाभर विश्रांती देतो, असं कबूल केलं. जनावर ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांचा, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. अमावास्या परवावर होती.

आदल्या दिवशी पुन्हा चौकी गाठली. काकासाहेबांनी अहवाल नीट वाचला. डॉक्टरीणबाईंचं अक्षर चांगलं आहे म्हणाले. मुद्दाही पटला म्हणाले. पण उद्या बंदोबस्त, सगळी माणसं रस्त्यावर, तेव्हा सोमवारी बघू. मी बरं म्हणून उठलो. उठताना उगीच, आपण फार वेळ घेतला असं वाटून, काहीतरी घरगुती बोलावं म्हणून म्हणालो, त्या घोडीपायी माझा सदरा गेला, छातीवरचा काळा रंग काही केल्या निघत नाही, सुनीती रागावली आहे.

"कसला रंग?" काकासाहेबांनी विचारलं.

"घोडीचा. धरून उभा होतो ना."

काकासाहेबांनी स्वतःच्या मधल्या बोटातल्या अंगठीकडे पाहिलं. मग शिपायानं आपल्या बोटाकडे पाहिलं.

"म्हंजी ती काळी न्हाई?" त्यानं विचारलं.

"नसावी बहुतेक. कानांच्या आत पांढरे केस दिसतात. माझी चूकही होत असेल."

"सर," काकासाहेब टोपी घालत म्हणाले, "इतके दिस हे का न्हाई सांगितलं?"

जीप अशी निघाली की मला मागे बसायलाही जेमतेम वेळ मिळाला. फाट्यावर बातमी आमच्या आधी पोचली असावी, कारण ग्रामसेवक आणि सरपंच तिथे उभे होते. बरगड्या महिनोन् महिने उघड्यावर होत्या, पाय रोज सगळ्यांसमोर लंगडत होता. रंग मात्र कोणाला सहन झाला नाही. रसवंतीवाल्यानं पाइप दिला. काजळवर पाणी सोडलं तसा काळा ओघळ रस्त्यावर आला आणि आतून पांढरी, मळकट, हाडकुळी घोडी बाहेर आली. गर्दीतल्या एका बाईनं कपाळाला हात लावला. सूर्यभान कोपऱ्यात बसून रडत होता. काळी परवडली नाही, म्हणून केसांचा स्वस्तातला रंग लावला, पण नाल तर पायातलाच होता ना, तो तर खरा होता ना, असं तो एकेकाला विचारत होता.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. पहिले फिर्यादी स्वतः ग्रामसेवक, दुसरे सरपंच. घोडी मुद्देमाल. नाल पुराव्यासाठी हवे होते, म्हणून डॉक्टर रोहिणींना बोलावून ते काढून घेतले, आणि त्यांनी त्या निमित्तानं पू काढून पायाला पट्ट्या बांधल्या. छळाचं कलमही त्यांनी हट्टानं शेवटी घालायला लावलं.

मुद्देमाल ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. काकासाहेबांचे मेव्हणे तिथेच होते. त्यांचा बँड आहे. पांढरी घोडी, त्यात लग्नसराई तोंडावर. ते म्हणाले, कोर्टाचं होईपर्यंत मी सांभाळतो, चार वराती झाल्या तर तिचाही जीव रमेल. सरपंचांना हे सोयीचं वाटलं. काकासाहेबांनी लिहायला घेतलं आणि रीत म्हणून विचारलं, कोणाची हरकत?

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. घोडी पट्टीचा पाय हवेत धरून उभी होती.

"माझी आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"हरकत. तिला चालवायचं नाही. मी नेतो तिला."

"सर, तुमी घोडी पाळनार?" मेव्हणे म्हणाले. "पुस्तकं खायला घालनार का काय?"

लोक हसले. या वेळी मी हसलो नाही. डॉक्टरांनी दवाखान्याच्या कागदावर माझ्या बाजूनं शिफारस लिहिली. काकासाहेबांनी थोडा विचार केला. वृश्चिकेची अडीचकी सुटलेली आहे, हे त्यांना आठवलं असावं. त्यांनी माझी सही घेतली. मी बरोबर करतोय की नाही, याची खात्री मला तेव्हाही नव्हती.

घोडी आता आमच्या परसात शेवग्याखाली असते. सुरुवातीला सुनीती माझ्याशी बोलत नव्हती. आता ती घोडीशी बोलते. चौकटीवरचा नाल मी काढू म्हटलं, तर भोकं दिसतील म्हणाली, म्हणून तो आहे तिथे आहे. अधूनमधून कोणीतरी फाटकाशी येऊन विचारतं, पांढऱ्या घोडीचा नाल शुक्राला चालतो म्हणतात, मिळेल का? मी सांगतो, ती अनवाणी असते.

सूर्यभान जामिनावर सुटला. दुकान परत सुरू झालं आणि पूर्वीपेक्षा बरं चालतं. तोही आता इतरांसारखा लोहाराकडून पोत्यानं नाल आणतो. परवा हिरवा लसूणघास घेऊन आला होता. घोडीकडे बघत लांबच उभा राहिला. मग म्हणाला, "सर, आता रोज खोटं बोलावं लागतंय. मनाला लई लागतं."

मी त्याला चहा दिला. घोडीनं घास खाल्ला, पण तो जवळ आला तशी कान मागे पाडून दोन पावलं सरकली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, सुधारतेय. खूर वाढतो तशी जुनी भोकं खाली खाली उतरतायत. वर्षभरात कापली जातील.