सोनं चाटणारा जिन्न

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. पण काशानच्या भट्टीत जिन्नाला सोनं चाटताना पाहिलेला माणूस मीच. जीभ सहा हात लांब!

"मागल्या खेपेला चार हात होती, उस्ताद," माती मळता मळता बहराम म्हणाला.

"तू मळ गुपचूप. वाढत्या वयाचा जिन्न होता."

सगळे हसले. फक्त माहबानू हसली नाही. माझ्या धाकट्या भावाची, सियावशची विधवा. ती वाडग्यावर वेल रंगवत होती. सियावशनं रंग चुकवला, दर्ग्याचा मेहराब नासवला, असं गाव अजून म्हणतं. बिचारा परगावी विटा भाजत मेला. हिच्या वाडग्यांना माझ्याशिवाय कोणी भट्टीत जागा देत नाही. म्हणून तर ही गोष्ट मी सांगत असतो. दोष त्याचाही नाही, कोणाचाच नाही. जिन्नाचा.

तर मेहराबाच्या साठ फरशा. माती माझी, झिलई माझी, भाजणी माझी. त्यानं फक्त भाजल्यावर सोन्यासारखा चमकणारा चांदी-तांब्याचा रंग खलून नक्षी काढली, आणि रिवाजाप्रमाणे शेवटच्या फरशीवर लिहिलं, 'काम सियावशचं'. धूर खाणाऱ्याचं नाव कोण लिहितं! मी बोललो नाही. थोरला ना मी.

रंग चढवल्यावर पुन्हा तीन दिवस धुराची भाजणी. धूर कमी पडला तर सोनं उमटत नाही, जास्त झाला तर करपतं. म्हणून भट्टीच्या भोकातून सळईनं नमुन्याचा तुकडा ओढून पुसायचा. चमकला की आग बंद. तिसऱ्या दिवशी सियावश तापानं फणफणलेला. आजवर हे सांगितलं नव्हतं, पण मी तुकडा काढला आणि बघतो तर काळाठिक्कर! भोकाला डोळा लावला. आत हा बसलाय, सियावशच्या नावावरून जीभ फिरवतोय. म्हटलं, धुरानं गुदमरून पळेल. टाकली ओली लाकडं...

"मग पळाला?" बहरामनं विचारलं.

"पळतोय कसला! उलट माझ्याकडे बघून..."

माहबानूनं कुंचला खाली ठेवला.

"खोटं बोलताय, भावजी. मी तुमची भाकरी घेऊन आले होते. तो तुकडा तुम्ही माझ्याच हातात दिलात. मी ओढणीनं पुसला. लखलखत होता."