चौथं प्रकरण

"चौथ्या प्रकरणात आई मेलीय, मालक. आणि नवव्यात ती चहा करतेय."

प्रकाशकांनी चष्मा कपाळावर चढवला. "अनुस्वारबाई, तुमचं काम काना-मात्रा बघायचं. सोमवारी छपाई आहे. फार तर लेखकांना एक फोन करा. पण जपून."

एकतीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या बाईला हे नाव छापखान्यानेच दिलं होतं. या कामात ती आली तीच मुळी या लेखकापायी. विसाव्या वर्षी ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा तिने स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं. त्या दिवसांत त्यांची कादंबरी हाती पडली आणि आपल्यासारखीचं जगणंही कुणी एवढ्या मायेने लिहू शकतं, हे तिला कळलं. पुढे त्यांच्या सहा कादंबऱ्या सगळ्यांत आधी तिनेच वाचल्या. एकेका स्वल्पविरामावरून दोघं तासतासभर भांडली.

ही सातवी, आठ वर्षांनी आलेली. तीन दिवस बिनखिडकीच्या खोलीत बसून ती ही कादंबरी वाचत होती. वाक्यं पुन्हा पुन्हा तीच. पात्रं बोलता बोलता भाषण ठोकायची. घरचं माणूस चारचौघांत अडखळावं आणि आपल्याला उठूनही जाता येऊ नये, तसं तिचं झालं होतं. फक्त आईच्या मरणाची दोन पानं जुन्या हाताची होती. ती तिने तीनदा वाचली, चूक न शोधता.

फोन लेखकाच्या पत्नीने उचलला.

"वहिनी, सर आहेत का? कादंबरीचं जरा विचारायचं होतं."

"थांबा." पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. "हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही हो काही. पण पुस्तक येणार म्हणून रोज सकाळी उठून दाढी करतात. तुम्ही तेवढं... घ्या, आलेच ते."

"काय हो, या खेपेला एकही प्रश्न नाही?" आवाज तोच, खर्जातला. "आवडली नाही वाटतं!"

आवडली म्हणायला जीभ उचलेना. शेवटी तिने आपल्या कामाचाच आडोसा घेतला. "सर, आई चौथ्या प्रकरणात गेली ना? मग नवव्यात..."

"गेली?" नात्यातल्या कुणाची बातमी उशिरा कळावी, तसं त्यांनी विचारलं. "कधी? मला कुणी सांगितलं नाही."

बाईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"नाही सर. गेली नाही. मीच चुकीचं वाचलं. आजारी होती फक्त."

"बघा, तुम्हीही चुकता!" ते सुटल्यासारखे हसले. "बाकी कशी वाटली?"

"तुमची आहे, सर," ती म्हणाली. एवढंच तिला खरं बोलता येत होतं.

फोन ठेवून ती नुसतीच बसून राहिली. नववं प्रकरण काढावं तर पुढचं सगळंच कोसळत होतं. तिथून शेवटच्या पानापर्यंत आई घरभर वावरत होती. तिने चौथं प्रकरण पुढ्यात ओढलं, पट्टी लावली आणि त्या दोन पानांवर वरपासून खालपर्यंत लाल रेघ मारली. समासात लिहिलं, 'वगळा'.

आता सांधा जुळवायला एक ओळ हवी होती. आजवर त्यांच्या मजकुरात तिने स्वतःचा एक शब्दही घातला नव्हता. तिने पेन बदललं आणि त्यांच्यासारख्याच छोट्या वाक्यात लिहिलं, 'सकाळी आईला थोडं बरं वाटलं.'