झाडे : निरंक

मुकादम सकाळी सात वाजता तळ्याकाठच्या बागेत पोचले, तर गवतावर चुन्याच्या रेघा मारलेल्या. सरळसोट, पट्टी लावून ओढाव्यात तशा. एक रेघ बदकं वर येऊन बसतात त्या उतारावरून निघाली होती. मोठ्या वाळुंजापाशी येऊन ती बुंध्यावर चार बोटं चढली होती आणि पलीकडे उतरून पुन्हा मुकाट चालू लागली होती. मध्ये झाड आलंय हे रेघ मारणाऱ्याला दिसलं नसेल असं नाही. दिसलं, म्हणूनच त्यानं त्याच्यावरही चुना फासला. या कामामागची सगळी अक्कल त्या चार बोटांत मावत होती.

फाटकाशी रातोरात फलकही उभा राहिला होता. तळे-दर्शन चौक होणार होता. काठापर्यंत फरशी, दीडशे मोटारींची सोय आणि मधोमध कारंजं. अख्खं तळं समोर पसरलेलं असताना ज्याला कारंजं सुचतं, त्याच्याशी वाद तरी काय घालणार? मुकादमांनी चहासुद्धा न पिता ऑफिस गाठलं.

त्यांची नोकरी संपायला चार महिने राहिले होते. एकवीस वर्षं ते या एकाच बागेत होते. हाताखाली पाच माळी, एक पाण्याचा पंप आणि कडी न लागणारी एक खोली, एवढा त्यांचा कारभार. सेवापुस्तकात लाल शाईचा एक शेरा नव्हता. ते पुस्तक निवृत्तीच्या दिवशी साहेबांच्या हातून कोरं परत घ्यायचं, ही त्यांची आयुष्यातली एकुलती एक हौस होती. बायको त्यावरून चिडवायची. ती म्हणायची, कोऱ्या वहीला बक्षीस मिळालेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर नकाशेवाल्या बाई बसत. वयानं मुकादमांच्या मुलीएवढ्या, पण कामाला चोख. त्यांच्या टेबलावर चौकाचा नकाशा पसरला होता आणि त्यात सगळा उतार राखाडी रंगवला होता.

"बाई, इथं झाडं आहेत."

"आहेत ना काका. मी स्वतः पाहून आलेय."

"मग यात कुठं गेली?"

"काढली होती मी. एकेक टिंब दिलं होतं. वरून विचारणा आली, वृक्षनोंदवहीत निरंक असताना ही टिंबं कसली? खोडून आणा. खोडली." बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली. "नियम तसा साधा आहे. पन्नासच्या वर नोंदलेली झाडं असतील तिथं फरशी घालताच येत नाही. इथं नोंदलेलं एकही नाही. त्यामुळे जे उभं आहे ते झाड नव्हे, अडथळा."

"असं कसं निरंक? कुठल्या गाढवानं लिहिलंय?"

बाईंनी नोंदवही मुकादमांकडे फिरवली. झाडांची संख्या : निरंक. खाली सही. पान उलटलं तर पुन्हा निरंक, पुन्हा सही. अशा वीस सह्या होत्या, आणि वीसच्या वीस मुकादमांच्या होत्या.

आता हे त्यांना ठाऊक नव्हतं का? होतं की. पण वर्षातून एकदा, चहाचा कप एका हातात धरून केलेली सही कोण लक्षात ठेवतो? पहिल्या वर्षी त्यांनी फार हौसेनं झाडं मोजली होती. दोनशे बारा. प्रत्येकाची जात, उंची, बुंध्याचा घेर, सगळं तीन प्रतींत, मध्ये कार्बन घालून. पुढच्या वर्षी वाऱ्यानं एक तुती पडली आणि मुकादमांच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. दोनशे बाराची दोनशे अकरा कशी झाली? लाकूड कुठं गेलं? पडताना कुणी पाहिलं? एका वाळक्या तुतीपायी सात महिने खुलासे चालले. शेवटी ऑफिसातल्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, त्यांना बाजूला घेऊन शहाणपण शिकवलं. निरंक लिही. एक ओळ, एक सही, प्रती नाहीत. कागदावर झाड नसलं की ते पडतही नाही.

मुकादमांना ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. त्यानंतर त्यांनी वाटेल तिथं रोपं लावली, मेली तिथं दुसरी लावली, आणि कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आपण झाडांना ऑफिसच्या तावडीतून सोडवलं असंच त्यांना वीस वर्षं वाटत आलं होतं.

"आता नव्यानं मोजून दिली तर?" त्यांनी विचारलं.

"चालेल. पण आधीची नोंद चुकीची होती असं ज्यानं लिहिली त्यानंच लेखी कबूल करायला हवं. येत्या सोमवारी हरकतींची सुनावणी आहे, तोपर्यंत." बाईंनी नोंदवही मिटली. "चौकशी लागेल काका. वीस वर्षांची खोटी नोंद आहे ही."

जिन्यात बडेबाबू भेटले. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. ऑफिसात कामाचे कागद हलत नाहीत, बातम्या मात्र धावतात.

"मुकादम, झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "चार महिने कसेबसे काढा आणि सुटा. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"निरंक लिहायला तुम्हीच सांगितलं होतं."

"मी? मी कुठं लिहून दिलं होतं?" बडेबाबूंनी खिशातून सुपारी काढली आणि ते वर निघून गेले.

घरी वेगळाच जाच होता. मुकादमांची बायको रोज सकाळी मैत्रिणींबरोबर तळ्याला फेऱ्या मारायची. फलक पाहून या बायका जशा पेटल्या, तसं गावात गेल्या दहा वर्षांत कुणी पेटलं नव्हतं. पायाचं दुखणं विसरून ती पाच-पाच मजले चढून सह्या गोळा करत होती. एरवी हीच बाई गच्चीवरचे कपडे आणायला नवऱ्याला पाठवायची. बागेत झाडंच नाहीत असं कुणीतरी लिहून ठेवलंय, एवढं तिला कळलं होतं. कुणी, ते कळलं नव्हतं.

"डोळे फुटले होते का मेल्याचे?" भाकरी उलटत ती म्हणायची. "तुमच्याच खात्यातला असणार. तुम्ही ओळखत असाल."

"असेल कुणीतरी."

"सापडू दे मला. त्या वाळुंजाला बांधून ठेवीन आणि विचारीन, आता सांग, पाठीला काय टोचतंय."

मुकादम मूग गिळून जेवत. असा तोंड दाबून बुक्क्यांचा मार त्यांनी तीन दिवस खाल्ला. चौथ्या दिवशी तिनं त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. तुमचं अक्षर चांगलं आहे, ऑफिसची भाषाही येते, मी सांगते तसा हरकतीचा अर्ज लिहा, म्हणाली. ती सांगू लागली आणि ते लिहू लागले. कलम एक : ज्या बेजबाबदार इसमाने बागेत झाडे नाहीत अशी खोटी नोंद केली, त्याच्यावर कडक कारवाई व्हावी. बेजबाबदार हा शब्द त्यांनी निमूटपणे लिहिला. इसमापाशी पेन थांबलं.

"हे कलम राहू दे," ते म्हणाले.

"का म्हणून? हेच तर मुख्य आहे."

"तो इसम मी आहे."

मग त्यांनी तिला तुतीपासून सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण तिनं सह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

"सव्वाचारशे घरी जाऊन आले मी," ती म्हणाली. "प्रत्येक घरी सांगितलं, माझ्या नवऱ्यानं एकेक झाड हातानं लावलंय. आणि तुम्ही निरंक. तीन प्रती लिहायचा कंटाळा."

"कंटाळा नव्हता गं. कटकट नको होती."

"मग आता काय करणार?"

"बडेबाबू म्हणतात, गप्प बसा."

"बडेबाबूंनी एक तरी रोप लावलंय का? तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

मुकादमांना फार वेगवेगळं वाटत होतं. कोरं सेवापुस्तक वाटत होतं, निरोप समारंभातली मानाची खुर्ची वाटत होती. त्याच्या जोडीला बुंध्यावर चढलेली ती चार बोटांची रेघही होती. तिची त्यांना मनापासून चीड आली होती, आणि ती आपल्याच सहीच्या आधारानं तिथवर चढली याची जास्त.

"टेप कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

शनिवारी सकाळी दोघं मोजायला लागली. तिसऱ्या झाडाशीच घोडं अडलं. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर घ्यावा, असं मोजणीच्या तक्त्यावर छापलेलं होतं. मुकादम उंच आणि बायको त्यांच्या खांद्याला लागणारी.

"अहो, कुणाच्या छातीच्या?"

"माणसाच्या."

"मग मी कोण आहे?"

त्यावर दहा मिनिटं वाद झाला. एव्हाना एक झाड त्यांच्या छातीनं मोजून झालं होतं आणि दोन तिच्या. अखेर मुकादमांनी गवत ओढायच्या दाताळ्याच्या दांड्यावर दोघांच्या मधोमध एक खूण केली. मग दांडा बुंध्याशी उभा करायचा, तिनं टेप गुंडाळायची आणि यांनी लिहायचं. सुरूचं एकच झाड दोनदा मोजलं गेलं, म्हणून शंभराच्या पुढे प्रत्येक बुंध्याला दोरा बांधत गेले. दोघं एकमेकांवर इतकी वैतागली की बदकंसुद्धा पाण्यात निघून गेली. रविवारी संध्याकाळी आकडा आला दोनशे सत्त्याण्णव. बायकोनं तो तीनदा वाचला.

"एवढी? आकडा मला कधी बोलला नाहीत."

"कुणालाच बोललो नाही. तीच तर चूक झाली."

सोमवारी सुनावणीच्या खोलीत पंखा गरगरत होता आणि तळ्याला फेऱ्या मारणाऱ्या बायकांनी मागच्या सगळ्या खुर्च्या अडवल्या होत्या. साहेब मधोमध बसले होते. मुकादम उभे राहिले. त्यांनी कागद टेबलावर ठेवून वाचला. गेली वीस वर्षे बागेत झाडे असताना मी निरंक अशी नोंद केली, ती खोटी होती. मागे कुजबुज झाली. एका बाईनं त्यांच्या बायकोकडे वळून पाहिलं. बायको पुढे बघत ताठ बसून राहिली.

साहेबांनी यादी चाळली. "पहिल्या वर्षी दोनशे बारा होती. आता दोनशे सत्त्याण्णव. ही जास्तीची कुणाच्या परवानगीनं लावली?"

एक झाड कमी झालं तर सात महिने चौकशी, आणि पंच्याऐंशी वाढली तर परवानगी कुठं आहे! मुकादमांना हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

"कुणाच्याच नाही, साहेब."

दोन तासांनी निकाल आला. उतारावरचं फरशीचं काम रद्द. नकाशेवाल्या बाईंनी झाडांच्या टिंबांसह नकाशा पुन्हा काढावा. त्याच लिफाफ्यात मुकादमांसाठी नोटीस होती, तिच्यात दोन आरोप होते. एक, असलेली झाडे न दाखवणे. दोन, विनापरवाना झाडे वाढवणे. चौकशी पुरी होईपर्यंत निरोप समारंभ होणार नाही, असंही खाली टाइप केलं होतं. सेवापुस्तकात लाल शेरा दुसऱ्याच दिवशी पडला. ऑफिसातलं इतक्या तातडीचं काम मुकादमांनी एकवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी ते नेहमीसारखे सातला आले. आदल्या रात्री मोठं वादळ होऊन गेलं होतं. मोठं वाळुंज मुळांसकट उपटून आडवं झालं होतं, शेंडा पाण्यात, आणि बुंध्यावरचा चुना अजून पुरता गेला नव्हता. मुकादम या बागेत आले तेव्हाही हेच झाड सगळ्यांत उंच होतं.

चार्ज घ्यायला बडेबाबू स्वतः आले. पडलेलं झाड बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"दोनशे सत्त्याण्णवच राहू द्या मुकादम. मोजायला कोण येतंय? खुलासे द्यायचे तर पुढचा देईल. तुम्ही पाचला सुटताय."

"कार्बन आहे का तुमच्याकडे?" मुकादमांनी विचारलं.

बडेबाबूंनी कपाळावर हात मारला, पण पिशवीतून कार्बन काढून दिला. एवढ्यात बायको फेरी अर्धी सोडून आली. तिनं झाड पाहिलं. मग खोलीतून दाताळं घेऊन आली आणि आडव्या बुंध्याला मुळापासून दांडा लावून तिनं खुणेची जागा शोधली. टेप गुंडाळून तिनं आकडा सांगितला.

मुकादम बाकावर बसले. जात, वाळुंज. घेर लिहिला. पडण्याचे कारण, वादळ आणि वय. त्याखाली एक रकाना होता, झाड कोणाच्या देखरेखीखाली होते. त्यात त्यांनी लिहिलं, माझ्या. तिसऱ्या प्रतीवरही नीट उमटावं म्हणून पेन जरा दाबून धरलं.