शेवटच्या चार ओळी

कचेरीत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, चेष्टा जास्त होती. ती डॉक्टर नव्हती, नर्ससुद्धा नव्हती. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ती वर्तमानपत्रात लागली आणि अकरा वर्षं दर शनिवारी 'घरच्या घरी विज्ञान' हे सदर लिहीत राहिली. जगाच्या पाठीवर कुठेतरी हजारो माणसांवर वर्षानुवर्षं अभ्यास व्हायचा, त्याचा आकडेमोडीने गच्च भरलेला चाळीस पानी निबंध निघायचा, आणि बाईंच्या हाताखालून गेल्यावर त्यातलं एवढंच उरायचं की उद्यापासून जेवणानंतर दहा मिनिटं चाला. लोकांना तेवढंच हवं असतं. आपल्या सगळ्यांनाच तेवढं हवं असतं, खोटं कशाला बोला.

ती कामचुकार नव्हती, हे मात्र आधीच सांगायला हवं. निबंध ती पूर्ण वाचायची. प्रयोग कुणावर झाला, कुणाला त्यातून वगळलं, कुणी या वाटेला जाऊ नये, हे सगळं हुडकून ती न चुकता लिहायची. फक्त लिहायची ते शेवटी. आधी गोड बातमी, मग ती घरात कशी वापरायची, आणि अगदी खाली चार ओळींत सावधगिरी. वाचकाला सुरुवातीलाच घाबरवलं तर तो पान उलटतो, असं संपादकांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि ते तिच्या अंगवळणी पडलं होतं.

आता पान लावणाऱ्याची रीत अशी, की जाहिरात वाढली आणि मजकूर बसेना झाला की तो खालून कापायचा. मधलं कापलं तर संगती तुटते, वरचं कापलं तर बातमीच जाते, खालचं कापलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. या कामात तो इतका तरबेज होता की त्याला सगळे कात्रीच म्हणत. म्हणजे बघा, ही सगळ्यात महत्त्वाचं ते तळाशी ठेवायची आणि तो तळ उडवायचा. अकरा वर्षं दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर बसली, एका किटलीतला चहा प्याली, पण आपण दोघं मिळून काय करतोय हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तिच्या कदाचित आलंही असेल. मग तिने त्याकडे कानाडोळा केला, असं म्हणावं लागेल.

त्या आठवड्यातला लेख मिठावर होता. एका मोठ्या अभ्यासात निम्म्या घरांना नेहमीचं मीठ दिलं होतं, आणि निम्म्यांना सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेलं. दुसऱ्या घरांतल्या लोकांचा रक्तदाब उतरला, पक्षाघाताचे झटके कमी आले. गोष्ट खरी होती आणि चांगलीही होती. तिने ती झकास लिहिली. 'डबा तोच, चमचा तोच, फक्त आतलं मीठ बदला' असं एक वाक्य तिला सुचलं आणि त्यावर ती स्वतःच खूश झाली. शेवटच्या चार ओळी लिहिताना मात्र तिच्या डोळ्यांसमोर बाबा आले. मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. त्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, साठलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी हे मीठ तोंडात घालू नये. बाबांच्या किडन्या तीन वर्षांपासून निम्म्याहून कमी काम करत होत्या. आयुष्यभर प्लंबरचं काम केलेला माणूस, ते म्हणायचे, "पाइप ठणठणीत आहेत गं, गाळणी तेवढी बसलीय." ती चेतावणी तिने बाबांसाठीच लिहिली, असं म्हटलं तरी चालेल.

शुक्रवारी दुपारी ती डबा खात बसली असताना कात्रीने पलीकडून ओरडून विचारलं, "बाई, गाद्यांची जाहिरात वाढलीय. तुमच्या चार ओळी जास्त होताहेत. खालच्या उडवू?"

तिच्या तोंडात घास होता. "उडव," ती म्हणाली.

घरी एक फोन करता आला असता. तो तिने केला नाही, कारण घरी आपलं सदर कुणी वाचत नाही अशी तिची पक्की समजूत होती. बाबा तिच्या मोठ्या बहिणीकडे राहायचे. ताई नवऱ्यामागे एकटीच, घरी कपड्यांच्या दुरुस्त्या करायची आणि बाबांचं सगळं बघायची. सदराचा विषय निघाला की ती हात झटकायची. "तुझं ते विज्ञान वाचायला सवड कुणाला गं, छोटी? बाबांच्या गोळ्यांतच माझा दिवस जातो." एवढं ऐकल्यावर कोण आपणहून फोन करून आपल्या लेखाचं कौतुक सांगत बसेल?

दीड महिन्याने बाबा न्हाणीघरात कोसळले. पायांत त्राण नव्हतं आणि नाडी इतकी मंद की ताईच्या हाताला लागेचना. रुग्णालयात रक्त तपासलं तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं. छोटी कचेरीतून धावत पोचली, तेव्हा तिला लगेच औषधाच्या खिडकीवर पिटाळलं. ती रांगेत उभी असताना वॉर्डातल्या तरुण स्त्री डॉक्टरांनी ताईला विचारलं, खाण्यापिण्यात काही नवीन सुरू केलं होतं का? ताई म्हणाली, "छे हो, डोळ्यांत तेल घालून जपते मी. साधं मीठ तर मी घरात ठेवतच नाही." डॉक्टर "छान" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. त्यांचंही चुकलं म्हणता येईल, पण त्यांच्याकडे तीस खाटा होत्या.

इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबा उशाला टेकून बसले. जीव भांड्यात पडला. पोटॅशियम वाढल्याचं छोटीनेही ऐकलं, पण किडन्यांचं दुखणं म्हटलं की ते वाढायचंच, असं तिने धरलं. घरचं जेवण चालेल, फक्त मीठ बेताचं, असं सांगितल्यावर ताईने त्याच दुपारपासून डबा आणायला सुरुवात केली. दोन दिवस तो डबा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा पुन्हा मलूल झाले, तेव्हा रक्त पुन्हा तपासायला पाठवलं आणि अहवालाची वाट बघत सगळे बसले. दुपारी ताई म्हणाली, "मी इथे थांबते. तू घरी जाऊन त्यांचा चष्मा आणि एक जाड पांघरूण घेऊन ये."

चष्मा शिवणयंत्रावर होता. पांघरूण कपाटात होतं. मग तिला तहान लागली म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, आणि पेला काढायला फडताळाचं दार उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला तिचा लेख चिकटवलेला. चारही कडा टेपने नीट बसवलेल्या. 'डबा तोच, चमचा तोच' या वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ. आणि लेख जिथे संपत होता तिथे, कापताना चुकून आलेला, गाद्यांच्या जाहिरातीतल्या हसऱ्या बाईचा अर्धा चेहरा. खाली मिठाचं पाकीट होतं, अर्ध्यावर आलेलं.

हातातलं पांघरूण कधी खाली पडलं तेही तिला कळलं नाही. ताईचा फोन लागेपर्यंत तिने तीन वेळा चुकीचा आकडा दाबला.

"ताई, बाबा जेवले?"

"आत्ताच. दोन वाट्या सूप प्यायले. फिकं लागतंय म्हणाले म्हणून घरून आणलेल्या पुडीतलं मीठ वरून घातलं थोडं. त्या मिठाने काही होत नाही ना, तुझंच तर—"

"ताई, ऐक. उठ. नर्सला हाक मार आणि डब्यात पोटॅशियमचं मीठ आहे म्हणून सांग. आत्ताच्या आत्ता. फोन बंद करू नकोस."

ताईचं ओरडणं, खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणाची तरी धावपळ, एवढं तिने ऐकलं. मग फोन बंद झाला.

ती पोचली तेव्हा बाबांच्या खाटेभोवती पडदा होता. ताई बाहेर भिंतीला पाठ लावून उभी होती, हातात रिकामा डबा. तिने छोटीचा दंड धरला. "मीठ वाईट निघालं का गं? पण तूच तर लिहिलं होतंस."

खरं बोलायला त्या वेळी चार शब्द पुरले असते. पण माणसाची जीभ संकटात आधी आपल्या मालकाला वाचवते.

"मी लिहिलं होतं ते वेगळं, ताई," छोटी म्हणाली. "तू चुकीचं पाकीट आणलंस बहुतेक."

ताईने दंड सोडला. संध्याकाळी साडेपाचला डॉक्टर पडद्याबाहेर आल्या आणि म्हणाल्या की हृदय सावरलं नाही.

त्यानंतर घरात माणसांची ये-जा सुरू झाली आणि ताईने प्रत्येकाला तेच सांगितलं. शेजारणीला, मामांना, बाबांच्या जुन्या हाताखालच्या कामगारांना. "माझ्या हातून गेले हो बाबा. मला मेलीला पाकीट वाचता आलं नाही. एवढी शिकलेली बहीण लिहून देते आणि मी अडाणी भलतंच उचलून आणते." लोक म्हणत, असं मनाला लावून घेऊ नका. छोटी तिथेच खुर्चीवर बसलेली असे. तिला रडू येत होतं, आणि लोकांना वाटे ते बाबांसाठी आहे. ते होतंही. पण त्यात लाजही होती आणि भीतीही होती, आणि रोज सकाळी उठल्यावर ती ठरवायची की आज सांगू, आणि आज कुणीतरी भेटायला आलेलं असायचं.

ताईने चूल पेटवणं सोडलं. दुकानातला पाव आणायचा आणि चहात बुडवून खायचा, बस. आठवडा झाल्यावर माणसांचं येणं थांबलं. त्या दुपारी ती यंत्रावर कुणाची तरी पँट आखूड करत बसली होती, आणि छोटीने विचारलं, "काही गरम करू का?"

"नको," ताई म्हणाली. "या हातांनी केलेलं आता कुणी खाऊ नये."

छोटी उठून तिच्यासमोर उभी राहिली. "ताई, पाकीट बरोबर होतं."

ताईने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. मग छोटीने सगळं सांगितलं. चार ओळी कोणत्या होत्या, कुठे होत्या, कात्रीने काय विचारलं, ती काय म्हणाली. स्वतःचा बचाव होईल असं एक वाक्य मध्ये आलं, तेही तिने अर्ध्यावर तोडलं.

"म्हणजे तू लिहिलं होतंस."

"हो."

"आणि तूच काढायला सांगितलंस. बाबांचं ठाऊक असून."

"हो."

"आणि आठ दिवस मी सगळ्यांसमोर स्वतःला बोल लावत होते, तेव्हा तू समोर बसली होतीस."

छोटीने मान हलवली. ताई आता तोंडात मारेल, घराबाहेर काढेल, यासाठी ती मनाने तयार होती. खरं तर तिला तेच हवं होतं. पण ताई तिच्याकडे बघतच नव्हती. ती डोक्यात काहीतरी जुळवत होती.

"वाचत नाही म्हणायचे ना मी, ते खोटं," ताई हळूच म्हणाली. "तोंडावर कौतुक केलं असतं तर तू शेफारली असतीस. अकरा वर्षं या घरात तुझा शब्दन् शब्द पाळलाय. रक्त पातळ व्हायच्या गोळीबरोबर मी रोज लसणाच्या कॅप्सूल घेते, तुझं वाचून. त्या लेखाच्या खाली काय होतं?"

छोटी आठवू लागली. मथळा आठवला, चित्र आठवलं, वाचकांची पत्रं आली होती तीही आठवली. कचेरीत कापलेली प्रतच तेवढी राहते, मूळ कुठेच ठेवत नाहीत. "थांबव त्या," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबव."

"काय होतं ते विचारतेय मी."

"मला आठवत नाही, ताई."

ताईच्या चेहऱ्याचा रंग उडाला, आणि स्वतःच्या काळजीने नव्हे. तिची लेक दुसऱ्या गावी होती, तिला पाचवा महिना चालू होता. "तिला जळजळ होते म्हणून मी ज्येष्ठमध द्यायला सांगितलंय," ताई म्हणाली. "दोन महिने झाले. दिवसातून दोनदा. तेही तुझंच. पोटुशीने घेऊ नये असं काही त्यात छापलेलं नव्हतं."

तिने फोन उचलला, लेकीचा नंबर लावला आणि छोटीच्या हातात दिला.

"तू सांग तिला," ती म्हणाली. "आणि या वेळी सगळं सांग."

पलीकडे घंटी वाजत होती. भाचीने फोन उचलला, छोटीचा आवाज ओळखला, आणि लाडात येऊन म्हणाली, "बोल मावशी, आता काय नवीन शोध लागला?"