न सरकलेली धोंड

ईस्टर झाल्यावर आठ दिवसांनी आमच्या चर्चमध्ये आढावा बैठक भरते. मुलांच्या कार्यक्रमात काय चुकलं, हे मोठ्यांनी ठरवायचं, एवढाच तिचा उद्देश. भरते मात्र मुलांच्याच वर्गात. म्हणून पाळकसाहेब, सेक्रेटरी आणि मी बुटक्या लाल खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. मी शिवणकाम करते. वीस वर्षं दर रविवारी मुलांना शिकवते आणि सणाला पंख शिवते.

यंदा विषय एकच, धोंड.

नाटुकलं साधं होतं. काळं कापड टाकलेलं टेबल ही कबर. टेबलाखाली प्रभू झालेला मुलगा. पुढ्यात करड्या ब्लँकेटमध्ये अंग चोरून बसलेली मुंगी, म्हणजे कबरेच्या तोंडावरची धोंड. मुंगी सात वर्षांची, चर्चची झाडलोट करणाऱ्या ताईंची लेक. देवदूत होता सेक्रेटरींचा नातू. पंख कोणाला आणि ब्लँकेट कोणाला, हे आमच्याकडे दरवर्षी आपोआप ठरतं. मी फक्त मापं घेते.

तर सणाच्या दिवशी स्त्रिया झालेल्या मुली अत्तराच्या रिकाम्या बाटल्या घेऊन कबरेपाशी आल्या. "आता ही धोंड कोण बाजूला करणार?" धोंड ढिम्म. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना एकीला रडूच फुटलं. तेवढ्यात टेबलाखालून प्रभू ओरडले, "अगं सरक ना, मला गुदमरतंय!" लोक पोट धरून हसले. शेवटी प्रभू मागच्या बाजूने रांगत बाहेर आले. पाळकसाहेबांनी धावत जाऊन माइक घेतला, प्रभूला कुठलीच धोंड अडवू शकत नाही असं जाहीर केलं आणि टाळ्या मिळवल्या.

"शिस्तीचा प्रश्न आहे," सेक्रेटरी बैठकीत म्हणाले. "एका पोरीने सगळ्या सणाचा विचका केला. पुढच्या वर्षी पुठ्ठ्याची धोंड करू. खाली चाकं लावू, दोरीने ओढू."

"आणि मुंगी?" मी विचारलं.

"तिने समोर बसून बघावं. बघण्यातही आशीर्वाद असतो," पाळकसाहेब म्हणाले. ते स्वतः आजवर कुठल्याही कार्यक्रमात समोर बसलेले नाहीत.

मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू? मान डोलावण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

सेक्रेटरी ठराव लिहायला लागले, इतक्यात मुंगी दारात आली. ताई बाहेर फरशी पुसत होत्या. मुंगीच्या हातात ब्लँकेटची घडी होती.

"बाई, आईने धुऊन दिलंय. पुढच्या वर्षी लागेल ना."

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला.

"इकडे ये. त्या दिवशी सरकली का नाहीस?"

"कोणी लोटलंच नाही."

"म्हणजे?"

"धोंड आपोआप सरकत नसते. देवदूत येतो आणि लोटतो. बाईंनीच शिकवलंय." तिने माझ्याकडे पाहिलं. "देवदूत आलाच नाही."

देवदूत त्या वेळी पडद्यामागे फोटो काढून घेत होता. त्याच्या आईला दोन्ही पंख सारखे उघडलेले हवे होते. आणि डाव्या पंखाला पिन लावत कोण बसलं होतं? मीच. सगळं ठाऊक असून आठ दिवस मी तोंडात मिठाची गुळणी धरून होते. मला स्वतःची लाज वाटली.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "तरीही बाळा, थोडं आपणहून सरकायचं..."

"मग देवदूत कशाला?"

सणाला पाऊण तास उपदेश केलेला माणूस खिडकीबाहेर बघायला लागला.

"किती वेळ बसणार होतीस गं?" मी विचारलं.

"तो येईपर्यंत. तुम्हीच म्हणालात ना, तो येतोच."

"असो," सेक्रेटरी म्हणाले. "देवदूत हा आजच्या बैठकीचा विषय नाही. ठराव, पुठ्ठ्याची धोंड..."

मी ताडकन उठले. बुटकी खुर्चीही माझ्याबरोबर उठली. ती ओढून काढली आणि म्हणाले, "खोडा ते. पिन मी लावत होते, चूक माझी. आता लिहा, धोंड तीच राहील. देवदूत बदलायचा."

पेन थांबलं. पेन त्यांचं होतं आणि नातूही त्यांचाच.

मुंगी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली, ब्लँकेट मांडीवर घेऊन. चार जणांत त्या खुर्चीत नीट मावलेली ती एकटीच. सेक्रेटरी लिहीपर्यंत ती हलणार नव्हती. मीही नाही.