निरोगी टाच

बसचालकाची टाच ठणठणीत होती. दुखत होतं ते दुसरीकडेच. माणूस बसला की जी जागा सीटला टेकते तिथे, दोन मांड्यांच्या मध्ये, आत खोलवर. निखारा ठेवल्यासारखं. असलं दुखणं सांगणार कोणाला आणि कुठल्या तोंडानं? तो गाडी चालवताना एका कुल्ल्यावर भार टाकून तिरका बसायचा, म्हणून डेपोतले लोक त्याला घोडेस्वार म्हणायचे. तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

घरी मात्र हसण्यावारी नेता येईना. बायकोशी जवळीक झाली की ती आग पोटापर्यंत चढायची आणि दुसऱ्या दिवशी गाडी हाकणं जिवावर यायचं. म्हणून त्यानं हळूहळू भिंतीकडे तोंड करून झोपायला सुरुवात केली. तिनं एकदा विचारलं, तर दमलोय म्हणाला. पुढे तिनं काही विचारलं नाही. तुमच्या घोरण्यानं झोप लागत नाही, असं म्हणून तिनं अंथरूण पलीकडच्या खोलीत नेलं. आता मुलगी बाळंत झाली होती, लांबच्या गावी. बायको महिन्याभरात तिकडे जाणार होती, आणि परत कधी येणार हे विचारल्यावर म्हणाली, ‘बघू. तिकडे माझी गरज तरी आहे.’

 ती जायच्या आत बरं व्हायचं, असं त्यानं ठरवलं. बसच्या वाटेवरच एक दवाखाना होता. टाच, गुडघा, खांदा, ओटीपोट यांच्या जुन्या दुखण्यावर शॉकवेव्ह उपचार, अशी पाटी त्यानं येता-जाता वाचली होती. शेवटी मनाचा हिय्या करून तो आत शिरला. वाटलं होतं, कोणी वयस्क बाप्या असेल. पडदा सरला आणि बाहेर आली मुलीची शाळेतली मैत्रीण, जी त्याच्या घरात परकर-पोलक्यात नाचायची ती.

“काका, तुम्ही? काय दुखतंय?”

तो वेगळंच वाक्य पाठ करून आला होता. “टाच,” तो म्हणाला.

मग काय, बोललेलं निभवावं लागलं. तिनं टाचेला गार जेली चोपडली आणि मशीनची मूठ टेकवली. मशीन टकटक सुरू झालं, आतून हाडावर हातोडी मारल्यासारखं. सगळ्यात जास्त दुखेल ती जागा सांगा, ती म्हणाली, त्यावरच हे काम चालतं. त्यानं उगाच एक जागा सांगितली. दहापैकी किती दुखतं, असं विचारल्यावर पाच फारच कमी वाटेल म्हणून सात म्हणाला. बाहेर पडला तेव्हा चांगली टाच खरोखरच ठणकत होती.

घरी तो लंगडत आला आणि नवलच घडलं. बायकोनं घमेल्यात गरम पाणी आणलं, त्याला लाकडी स्टुलावर बसवलं आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्यापाशी बसून पाय चोळू लागली. खाली स्टूल टोचत होतं, आत निखारा फुलत होता, कपाळावर घाम. तिला वाटलं टाच दुखतेय, म्हणून तिनं हात आणखी हलका केला. त्याला ना सुख घेता येई, ना उठता येई. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दवाखान्यात गेला. खरं सांगायचं तर त्या घमेल्यासाठीच गेला.

तिसऱ्या खेपेला बायको सोबत आली. बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ती बसली, हा भिंतीला टेकून उभा.

“बसा ना.”

“असू दे, बरा आहे.”

 ती सावकाश म्हणाली, “टाच दुखणारा माणूस बूड टेकायला जागा शोधतो. तुम्ही खुर्ची दिसली की मागं सरता. जेवतासुद्धा उभ्यानं. मला वाटायचं, माझ्या शेजारी बसायला नको असतं.”

तेवढ्यात आतून हाक आली.

पलंगावर तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. जेलीची बाटली उघडल्याचा आवाज आला.

“पोरी, टाच नाही गं,” तो म्हणाला, आणि उरलेलं सगळं भिंतीलाच सांगितलं.

तिनं बाटली खाली ठेवली. ती लाजली नाही, हसलीही नाही. लघवीला जळजळ होते का, रक्त जातं का, बसल्यावर वाढतं का, असं एकेक विचारत गेली. अशा दुखण्यालाही हे मशीन कधीकधी लावतात, म्हणाली, पण आधी मूत्ररोगाच्या डॉक्टरांनी तपासायला हवं, त्याशिवाय ती हात लावणार नाही. कोणाला आराम पडतो, कोणाला नाही. शब्द द्यायला ती तयार नव्हती.

मग तिचा आवाज बदलला. “चांगल्या टाचेला मारत बसले मी, काका. घरी जाऊन विचार करायचे, माझं काय चुकतंय.”

तो कूस बदलून वळला. पडद्याखाली बायकोच्या चपला दिसत होत्या. कधीपासून ती तिथे उभी होती कोण जाणे.

परतीच्या बसमध्ये ओळखीचा चालक होता. “या घोडेस्वार,” म्हणाला. आज हा हसला नाही. बायको खिडकीपाशी बसली, हा दांडा धरून उभा राहिला. दोन स्टॉप गेले.

“किती दिवस झाले?” तिनं बाहेर बघतच विचारलं.

“वर्ष होत आलं.”

“वर्षभर मी आरशात बघत होते,” ती म्हणाली.

त्याला वाटलं, त्या भिंतीला सांगितलं ते आधी हिला सांगायला हवं होतं. पण आता ते म्हणून काय उपयोग? जाणारेस का, असं त्यानं विचारलं. जाणार, ती म्हणाली, बाळ आहे. कधी परतणार, ते ती बोलली नाही.

पुढच्या स्टॉपवर गर्दी चढली. एक म्हातारे गृहस्थ तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळले. तिनं पटकन हातातली पिशवी तिथे ठेवली.

“आमचे आहेत इथे,” ती म्हणाली.

गृहस्थांनी उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहिलं, रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि पुटपुटत मागे गेले.